वर्ध्याची ओळख : माती, सूत आणि गाथा



महाराष्ट्राची ओळख सांगताना प्रथम गडकोटांचे स्मरण होते आणि ते योग्यच आहे. रायगड, शिवनेरी, प्रतापगड यांच्यासह राज्यातील ११ किल्ले आणि तामिळनाडूतील जिंजी यांना २०२५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या यादीत वर्धा जिल्ह्यातील एकही स्थान नाही. वर्ध्याचे मानचिन्ह म्हणजे एक मातीची झोपडी.

३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी सेगावी आले. १९४० मध्ये त्याच गावाचे सेवाग्राम झाले. निवासाचा खर्च पाचशे रुपयांच्या वर जाऊ नये आणि साहित्य परिसरातलेच असावे, अशी त्यांची अट होती. माती, बांबू आणि कवेलू एवढ्यावर ते घर उभे राहिले. अपरिग्रहाचे व्रत ऐकत वाढलेल्या समाजाला याचे मर्म वेगळे सांगावयास नको. परंतु दगडी बुरूज शतकानुशतके उभा राहतो, मातीची भिंत मात्र पावसाळ्यागणिक लिंपावी लागते. लिंपणारे आणि बांबू विणणारे हात गावातून गेले, तर कुटी केवळ छायाचित्रात उरेल.

या ओळखीचे घडविते कोण? जमनालाल बजाज यांचा जन्म राजस्थानातील सीकर परिसरातला, विनोबा कोकणातील गागोद्याचे, ग्रामोद्योगांचे अर्थशास्त्र मांडणारे कुमारप्पा तामिळ प्रांतातले. एकही जन्माने वर्धेकर नव्हता. सैतवाळ, कासार आदी बांधवांची तर मायबोलीच मराठी. परंतु मारवाड-गुजरातेतून पिढ्यांपूर्वी आलेल्या घराण्यांना ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न अद्यापही ऐकावा लागतो. त्याचे उत्तर जमनालालजींनी १९२८ मध्येच देऊन ठेवले. त्या वर्षी त्यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले केले. स्वकीयांचा रोष पत्करून ज्याने या भूमीतील उपेक्षितांना जवळ केले, त्याला परका कोण म्हणेल?

कापडाच्या व्यवहारातील मंडळींनी मगनवाडीतील मगन संग्रहालय अवश्य पाहावे. डिसेंबर १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ज्या जिल्ह्यातील हिंगणघाटच्या कापसाची एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या बाजारातही ख्याती होती, तेथेच चरख्याला प्रतिष्ठा लाभावी हे सयुक्तिक होते. आज खादीचे स्मरण गांधीजयंतीच्या सवलतीपुरते होते आणि उरलेले वर्ष मिश्र धाग्याचे तागे खपतात, ही पेढीवरची वस्तुस्थिती आहे. त्या मानाने तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून निघणारी बालके परंपरेशी अधिक प्रामाणिक म्हणावी लागतील!

तथापि, जैन समाजाने ज्याचा विशेष अभिमान बाळगावा असे स्थान धाम नदीच्या काठी आहे. ते पवनार होय. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत होते. त्या वंशातील दुसऱ्या प्रवरसेनाने ‘सेतुबंध’ हे महाकाव्य महाराष्ट्री प्राकृतात रचले, आणि महाराष्ट्री ही मराठीची पूर्वज. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा त्याच निर्णयात प्राकृतालाही तो मिळाला. किती घरांत याची चर्चा झाली?

याच पवनारहून विनोबांनी जैनांचा सर्वमान्य असा एक ग्रंथ व्हावा, असा आग्रह धरला. जिनेंद्र वर्णी यांनी संकलन हाती घेतले. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षात, नोव्हेंबर १९७४ मध्ये दिल्लीस संगीती भरली; चारही आम्नायांचे मुनी व विद्वान एकत्र बसले आणि ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ सिद्ध झाला. दिगंबर-श्वेतांबर वाद न्यायालयापर्यंत नेणाऱ्या समाजात हे घडले, आणि घडवून आणणारा जन्माने जैन नव्हता.

नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग केला. १५ नोव्हेंबर रोजी पवनारच्या आश्रमात त्यांनी देह ठेवला. तो दिवाळीचा, महावीर निर्वाणाचा दिवस होता.