गुण नडतो तेव्हा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणानंतरचं पहिलं भाषण माझ्या वाट्याला आलं आहे. संयोजकांनी दोनच अटी घातल्या : पंधरा मिनिटांत आटप, आणि कुणाला झोप येऊ देऊ नकोस. मी ३० वर्षं महाविद्यालयात साहित्य शिकवलं, त्यामुळे पंचेचाळीस मिनिटांच्या आत थांबण्याची मला सवय नाही. झोपेबद्दल म्हणाल, तर त्या अनुभवामुळे माझी काही तक्रारही नाही.

विषय मात्र मी असा निवडला आहे, की ज्यावर आपण सगळेच सकाळपासून बोलतो आहोत. चहाच्या टेबलापाशी एकच वाक्य मी निदान चार वेळा ऐकलं : “तो असा होईल असं वाटलं नव्हतं.” कुणाबद्दल ते कौतुकानं म्हटलेलं होतं, कुणाबद्दल हळहळून, आणि एक-दोघांबद्दल थोडं हसून. वाटलं एक आणि झालं भलतंच, यालाच साहित्यात आयरनी म्हणतात.

मराठीत या शब्दाला नेमका जोड मिळत नाही. कुणी टोचून बोललं की आपण उपरोध म्हणतो. नशिबानं क्रूर थट्टा केली की दैवदुर्विलास म्हणतो. पहिल्यात काम करते ती बोलणाऱ्याची जीभ, दुसऱ्यात ते आकाशातलं दैव. या दोन्हींच्या मधे एक मोठी जागा उरते, ती माणसाच्या स्वभावाची. जगातल्या थोर लेखकांनी आयरनी शोधली ती तिथे. मुळात हा शब्दच एका स्वभावावरून आला आहे. ग्रीक सुखात्मिकेत ‘आयरॉन’ नावाचा एक ठरीव नमुना असे : आहे त्यापेक्षा स्वतःला कमी दाखवणारा, साळसूद माणूस. त्याच्यासमोर असे बढाईखोर. साळसूद साधेसाधे प्रश्न विचारी आणि बढाईखोर आपल्याच शब्दांत अडके. म्हणजे आयरनी जन्मली तीच पात्राच्या पोटी.

मला जे सांगायचं आहे ते एका वाक्यात सांगतो. आपल्याला वाटतं, माणसाला त्याचा दोष नडतो. अभिजात साहित्य सांगतं, की पुष्कळदा माणसाला नडतो तो त्याचा गुण. आणि तोही सगळ्यात मोठा गुण.

आपल्या घरातल्याच ग्रंथापासून सुरुवात करू. देवव्रतानं प्रतिज्ञा केली ती वडिलांसाठी. सत्यवतीच्या मुलांनाच गादी मिळावी म्हणून त्यानं राज्य सोडलं, आणि पुढे आपल्या मुलांनी हक्क सांगू नये म्हणून लग्नही सोडलं. म्हणून तो भीष्म. एवढी गोष्ट आपण पाचवी-सहावीत शिकलो. पुढची मात्र कुणी फारशी सांगत नाही. सत्यवतीचे दोन्ही मुलगे निपुत्रिक गेले. कुरुवंश खुंटायची वेळ आली, तेव्हा भीष्माकडे येऊन ‘ही प्रतिज्ञा आता मोड’ म्हणून विनवणारी कोण? स्वतः सत्यवती. जिच्यासाठी प्रतिज्ञा केली तीच ती सोडायला सांगते आहे, आणि भीष्म नाही म्हणतो. जो माणूस मोह झाला म्हणून प्रतिज्ञा मोडणार नाही, तो गरज पडली म्हणूनही मोडणार नाही. त्याची निष्ठा एकच आहे. ती सोयीनुसार दोन प्रकारची असू शकत नाही. पुढे व्यासांना बोलावावं लागलं, धृतराष्ट्र आणि पांडू जन्मले, आणि कुरुक्षेत्राची पहिली काडी पडली. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

आता ग्रीसकडे जाऊ. सॉफोक्लीजचं ईडिपस राजाचं नाटक सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचं. पुलंनी ते ‘राजा ओयदिपौस’ या नावानं मराठीत आणलं, त्यामुळे आपल्यापैकी काहींनी वाचलंही असेल. थीब्ज नगरीत साथ आली आहे. देववाणी सांगते, की आधीचा राजा लेयस याचा खुनी या नगरीत आहे, त्याला हुडकून घालवा. ईडिपस भर सभेत त्या खुन्याला शाप देतो आणि शोधाला लागतो. खुनी तो स्वतःच आहे. अथेन्सच्या प्रेक्षकांना हे आधीपासून माहीत होतं, कारण कथा जुनीच होती. न कळणारा माणूस रंगमंचावर एकटाच होता.

गंमत पुढेच आहे, आणि ती अंगावर काटा आणणारी आहे. या नाटकात ईडिपसला दिलासा द्यायला जो येतो, तोच त्याला खड्ड्याकडे ढकलतो. राणी योकास्टा म्हणते, भविष्यवाणीवर काय विश्वास ठेवायचा, लेयसला तर तीन रस्ते मिळतात तिथे लुटारूंनी मारलं. आणि ‘तीन रस्ते’ ऐकताच ईडिपस दचकतो, कारण अशाच एका जागी त्यानं एका म्हाताऱ्याला मारलेलं असतं. कॉरिंथचा दूत आनंदाची बातमी आणतो : घाबरू नका महाराज, ज्यांना तुम्ही आईबाप समजता ते तुमचे खरे आईबाप नव्हेतच! ॲरिस्टॉटलनं नाटकातल्या कलाटणीचं उदाहरण म्हणून याच दूताचा उल्लेख केला आहे.

इथे दैव आहेच, ते मी नाकारत नाही. पण दैवानं ईडिपसला खून करायला लावलं. शोध त्याच्यावर लादलेला नव्हता. योकास्टाला सगळं कळतं, तेव्हा ती गयावया करते की आता पुरे, पुढे विचारू नकोस. म्हातारा मेंढपाळही हात जोडतो. ईडिपस थांबू शकला असता. पण याच माणसानं स्फिंक्सचं कोडं सोडवून नगरी वाचवली होती. सत्य कळल्याशिवाय चैन न पडणं हाच त्याचा स्वभाव. ज्या गुणानं त्याला राजा केलं, त्याच गुणानं त्याला आंधळा केलं. आणि तरीही पडदा पडताना तो आपल्याला लहान वाटत नाही.

प्रत्येक वेळी रक्त सांडायलाच हवं असं नाही. जेन ऑस्टिनची ‘एमा’ ही कादंबरी १८१५ च्या अखेरीस आली. त्यात खून नाही, राजे नाहीत. एक खेडं, चार-पाच घरं, चहा आणि लग्नं जुळवणं. नायिका एमा हुशार, श्रीमंत, एकवीस वर्षांची. हॅरिएट नावाच्या अनाथासारख्या मुलीचं भलं करायचा तिनं विडा उचललेला आहे. त्यासाठी एका साध्या, प्रामाणिक शेतकऱ्याची मागणी ती हॅरिएटला नाकारायला लावते आणि गावच्या पाद्र्याशी तिचं जुळवायला बघते. पाद्रीबुवा हॅरिएटच्या चित्राची वाहवा करतात, स्वतः लंडनला जाऊन चौकट करून आणतात. एमा मनात म्हणते, जमलं! एका रात्री घोडागाडीत पाद्रीबुवा मागणी घालतात ती एमालाच. ते चित्र एमानं काढलेलं होतं. कौतुक चाललं होतं ते चित्रकर्तीचं.

ईडिपस पाहताना आपल्याला सगळं आधी माहीत असतं. ऑस्टिन ती सवलत देत नाही. एमाच्याच डोळ्यांनी ती आपल्याला सगळं दाखवते, त्यामुळे पहिल्या वाचनात आपणही पुष्कळ ठिकाणी एमाबरोबर फसतो. एमाला हसता हसता लक्षात येतं, की हसण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही.

याच कादंबरीत एक प्रसंग आहे, जो मी दरवर्षी वर्गात वाचून दाखवायचो. मंडळी सहलीला टेकडीवर गेलेली. खेळ ठरतो : प्रत्येकानं एक फार चतुर गोष्ट सांगावी, किंवा दोन बऱ्यापैकी, किंवा तीन अगदी रटाळ. मिस बेट्स ही गरीब, बडबडी, मनानं फार चांगली प्रौढा. ती हसून म्हणते, तीन रटाळ गोष्टी ना, त्या तर मी तोंड उघडताच बोलेन. एमा पटकन म्हणते, अडचण एवढीच, की तुम्हाला तीनवर थांबावं लागेल. सगळ्यांत मिस बेट्सचा चेहरा उतरतो. एमाला समजावणारा नाईटली नंतर तिला बाजूला घेऊन सांगतो, की ती तुझ्या बरोबरीची श्रीमंत असती तर मी काही बोललो नसतो. पण ती गरीब आहे, चांगल्या दिवसांतून खाली आली आहे, आणि तुझं पाहून इतरही तिच्याशी तसंच वागतील. घरी परतताना एमा गाडीत रडत राहते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस बेट्सच्या दारात उभी राहते. ज्या तल्लख बुद्धीचं गावाला कौतुक, तिनंच तो घाव घातला. उपरोध आणि आयरनी यांतला फरक मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. उपरोध करणारी एमा आहे. आयरनी दाखवणारी ऑस्टिन आहे. एक माणसाला सर्वांसमोर लहान करते, दुसरी त्याला समजून घेते.

आता आपल्या मातीत येतो. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. १९१९ च्या जानेवारीत गडकरी गेले, आणि त्यानंतर हे नाटक रंगभूमीवर आलं. बालगंधर्वांची सिंधू महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली, पण लेखकाला तो प्रयोग दिसला नाही. हाही एक दैवदुर्विलासच.

‘एकच प्याला’ म्हटलं की आपण म्हणतो, दारूबंदीचं नाटक. पुन्हा वाचून पाहा. सुधाकर व्यसनी म्हणून सुरुवात करत नाही. गरिबीतून स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला, मानी वकील आहे तो. भर कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ जाते, आणि हा मानी माणूस ते पचवू शकत नाही. तेवढं विसरायला तळीराम एकच प्याला पुढे करतो. कमी मानी माणूस असता तर दोन दिवस चडफडून कामाला लागला असता. पुढे तो दारू सोडतोही. काम मागायला प्रतिष्ठितांकडे जातो, तेव्हा ती मंडळी त्याची टिंगल करतात, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. त्या टिंगलीत मला टेकडीवरच्या एमाचंच वाक्य ऐकू येतं. फरक इतकाच, की इथे दुसऱ्या दिवशी दारात कुणी आलं नाही.

आणि सिंधू? माहेर श्रीमंत असून ती दळण दळून दिवस काढते. तिची निष्ठा थोर आहेच, पण त्या निष्ठेनंच सुधाकरला अडवणारी शेवटची भिंत काढून घेतली, असंही मला नेहमी वाटत आलं आहे. तळीरामाची बायको गीता नवऱ्याला तोंडावर सुनावते, आणि आपण तिला हसतो. मरताना सिंधू खोटं बोलून नवऱ्याला वाचवते. तो मात्र त्याच प्याल्यात विष घालून तो शेवटचा पितो. तिनं जे वाचवलं, ते वाचलंच नाही.

मित्रहो, हे सगळं मेळाव्यात सांगायचं कारण एवढंच, की आज आपण सारे अथेन्सच्या त्या प्रेक्षकांच्या जागी बसलो आहोत. शाळेत कोण कसा होता हे आपल्याला ठाऊक, आणि पुढे काय झालं हेही आज ठाऊक. एवढं माहीत असलेल्या माणसाला दोनच गोष्टी करता येतात : हसणं किंवा समजून घेणं. नववीत जो कुणाचं पेनही मागून घेत नसे, त्याच्या ताठ मानेचं आपल्याला कौतुक होतं. आज तसाच कुणी अडचणीत असून फोन करत नसेल, तर आपण म्हणतो, “अजून ताठा गेला नाही.” ताठा तोच आहे, बदलली ती आपली नजर. जी सगळ्यांचे डबे, सगळ्यांची दप्तरं सांभाळायची, ती आज तीन पिढ्यांचं घर सांभाळताना एका दिवसाची सुट्टी मागू शकत नाही. तिला आपण म्हणतो, “तिला कुठे हौस आहे यायची!”

आणि आपलं स्वतःचं नाटक तर आपल्याला दिसतही नाही. आपला कोणता गुण आपल्याला कुठे घेऊन चालला आहे, हे शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राला कदाचित आपल्याआधी कळेल. तो जर एमासारखा चटकन बोलून गेला, तर आपण दुखावू. नाईटलीसारखा बाजूला घेऊन बोलला, तर बहुधा वाचू. जुने मित्र मला याच कामाचे वाटतात. त्यांना आपला मूळ स्वभाव माहीत असतो, त्यावर पदं आणि पगार चढण्याआधीचा.

या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या तुकडीची यादी आणि दूरध्वनी क्रमांक छापायचे ठरले आहे. काही नावांपुढची जागा अजून रिकामी आहे. त्यातलं एकेक नाव आपण वाटून घेऊ या. क्रमांक शोधू, फोन करू, आणि फोनवर “का आला नाहीस?” हा प्रश्न तेवढा टाळू. “कसा आहेस?” एवढं पुरे.

पंधरा मिनिटं झाली असावीत. मागच्या रांगेत दोघे झोपलेले दिसतात. शाळेतही तेच दोघे झोपायचे. स्वभाव बदलत नाही, हे माझं म्हणणं त्यांनी सप्रमाण सिद्ध केलं, त्याबद्दल त्यांचे खास आभार.