किती जणांनी पाहिलं आणि किती खरं आहे



मागच्या वर्षी आमच्या गटांच्या व्हॉट्सॲपवर एक निरोप आला. बचत गटांचं कर्ज माफ झालंय, हप्ता भरू नका. दोन दिवसांत तो इतक्या ठिकाणांहून आला की आम्ही सहयोगिनींनीही तो पुढे पाठवला. एवढे लोक सांगतात म्हणजे खरंच असणार, असं आम्हाला वाटलं. माफी कुठलीच नव्हती. ज्या गटांनी हप्ता थांबवला त्यांना दंड बसला. चूक आमची होती.

म्हणून आज तुम्हाला एका डायनासोरची गोष्ट सांगणार आहोत.

दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना नावाचा देश आहे. तिथे 2005 साली केनेथ लाकोव्हारा या अमेरिकन शास्त्रज्ञाला एका प्रचंड डायनासोरची हाडं सापडली. त्याच्याच कुळातल्या डायनासोरांची हाडं आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्यालाही सापडली आहेत. 2014 मध्ये लाकोव्हारा आणि सहकाऱ्यांनी त्यावर शोधनिबंध छापला आणि प्राण्याला नाव दिलं ड्रेडनॉटस, म्हणजे कशालाच न भिणारा. लांबी 26 मीटर, वजन 59 टन. टन म्हणजे 10 क्विंटल, तेव्हा 590 क्विंटलचं जनावर! जगभर बातम्या झाल्या.

आता अशा निबंधाची इंटरनेटवर किती चर्चा झाली हेही मोजतात बरं का. लंडनमध्ये 2011 साली सुरू झालेली अल्टमेट्रिक नावाची कंपनी हे काम करते. बातमीला साधारण 8 गुण, ब्लॉगवरच्या लेखाला 5, फेसबुकच्या पोस्टला पाव. एकाच माणसाने तेच तेच दहादा लिहिलं तरी एकदाच धरतात. गुणांभोवती रंगीत कडं असतं. लाल रंग दिसला की समजायचं, बातम्यांत आलंय.

पण हे गुण फक्त चर्चा मोजतात. स्तुती झाली तरी गुण, टीका झाली तरी गुण. निबंधात लिहिलेलं खरं किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. कंपनीसुद्धा तसा दावा करत नाही.

ड्रेडनॉटसचंच बघा. हाडांना ना मांस ना कातडं, मग वजन काढायचं कसं? पहिल्या शास्त्रज्ञांनी पायांच्या हाडांचा घेर मोजून हिशेब केला होता. 2015 मध्ये इंग्लंडच्या कार्ल बेट्स आणि सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवर पूर्ण सांगाडा उभा केला, त्यावर अंग चढवून पाहिलं. ते म्हणाले, 59 टन पटत नाही. एवढ्या वजनासाठी सांगाड्याबाहेर फारच मांस मानावं लागतं. वजन 40 टनांच्या आतच असावं.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शास्त्रात असंच चालतं. मापं छापलेली होती म्हणून दुसऱ्यांना तपासता आली. पण या तपासणीने पहिल्या निबंधाचे चर्चेचे गुण कमी झाले नाहीत. आणि 59 टन ऐकलेल्या सगळ्यांच्या कानावर 40 टन गेलं असेलच, असंही नाही.

आपल्या व्हॉट्सॲपचं बोलणं तर खासगी. ते अल्टमेट्रिकला दिसत नाही आणि बाहेरचं कुणी तपासतही नाही. तिथे तपासायचं आपणच. म्हणून आता आमच्या गटांत रीत पाडली आहे. पैशाचा निरोप आला की तो बैठकीत वाचायचा. मूळ कुणी लिहिलाय ते विचारायचं. मग दोघींनी बँकेत जाऊन खात्री करायची. तोवर हप्ता भरत राहायचा आणि निरोप पुढे पाठवायचा नाही.

"ताई, दहा गटांत आलंय," असं कुणी म्हटलं की आमच्या बायाच आता म्हणतात, "अगं, डायनासोरचं वजन तरी विचारून ये!"