उभ्या गाडीचे प्रदूषण



या सभागृहाबाहेर दुचाकी ओळीने उभ्या आहेत. त्यांतली एकही चालू नाही, तरी त्या हवेत पेट्रोल सोडत आहेत. वाहनांचे प्रदूषण म्हटले की आपली नजर सायलेन्सरकडे जाते. पीयूसी केंद्रावरचा माणूसही आपली नळी तिथेच घालतो. आज मला सायलेन्सरविषयी नाही, टाकीविषयी बोलायचे आहे.

पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण. त्यातले ब्युटेन, पेंटेन यांसारखे हलके घटक साध्या तापमानालाच उडतात. इंजिन पटकन सुरू व्हावे म्हणून ते हवेही असतात. ऊन वाढले की टाकी तापते, आतली वाफ फुगते आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडते. रात्री टाकी निवते, बाहेरची हवा आत ओढते, आणि सकाळी पुन्हा तेच. लांबून आलेली गाडी उभी केली की इंजिनाची धग टाकीला लागते. मोटरसायकलची टाकी तर इंजिनाच्या थेट वरच असते. रबरी नळ्यांच्या भिंतींतूनही पेट्रोल झिरपते, कुठेही भोक नसताना. इथेनॉल मिसळले की हे झिरपणे वाढते, आणि थोड्या प्रमाणातले इथेनॉल मिश्रणाचा बाष्पदाबही चढवते. इथेनॉलला माझा विरोध नाही. पण त्याबरोबर नळ्या आणि जोड बदलायला हवेत, हे तितक्याच मोठ्याने सांगितले गेले पाहिजे.

या वाफेचे मोल जगाला कळले ते लॉस एंजेलिसमुळे. १९४३च्या उन्हाळ्यात त्या शहरावर डोळे झोंबवणारे धुरके उतरले. आधी संशय कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाईन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो बंद केला, तरी धुरके हटले नाही. पुढे आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते कोडे सोडवले. कॅलटेकमध्ये ते अननसाचा सुगंध कोणत्या द्रव्यांनी बनतो याचा अभ्यास करत होते. हवेतली सूक्ष्म द्रव्ये गोळा करण्याचे तेच कसब त्यांनी शहराच्या हवेवर वापरले. न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. तेलउद्योगाने कडाडून विरोध केला. हागेन-स्मिट मागे हटले नाहीत, आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा-नियंत्रण मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. विज्ञान प्रयोगशाळेत ठेवून घरी जाणे त्यांना सहज जमले असते.

उंच आकाशातला ओझोन आपला राखणदार आहे. जमिनीलगतचा ओझोन मात्र फुप्फुसे पोळतो. १९६०च्या दशकातल्या अमेरिकन मोटारीतून जितके हायड्रोकार्बन बाहेर पडत, त्यांतले ढोबळमानाने एक पंचमांश नुसत्या बाष्पीभवनाचे असत. त्यानंतर सायलेन्सरमध्ये उत्प्रेरक बसले, धूर कितीतरी पटींनी स्वच्छ झाला. साहजिकच जे उरले त्यात टाकीचा वाटा मोठा झाला.

उपाय साधा आहे आणि जुना आहे. १९७०पासून कॅलिफोर्नियात नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. सक्रिय कोळशाने भरलेला एक डबा, ज्याला मेकॅनिक कॅनिस्टर म्हणतात. गाडी उभी असताना वाफ कोळशाला चिकटते. इंजिन चालू झाले की ताजी हवा ती वाफ सोडवून इंजिनात नेते आणि ती जळते. म्हणजे आपले पेट्रोलही वाचते. आपल्या देशात दुचाकींच्या बाष्पीभवनावर मर्यादा आली ती भारत स्टेज चार या प्रदूषण-मानकांबरोबर, सर्व नव्या गाड्यांना २०१७मध्ये. २०२०च्या भारत स्टेज सहाने ती एका चाचणीत दीड ग्रॅमवर आणली. त्याआधीच्या दुचाकी आजही रस्त्यावर आहेत.

ही चाचणी हवाबंद खोलीत होते. मोटारींसाठी आपण युरोपची पद्धत घेतली. तिच्यात चोवीस तासांत तापमान २० अंशांवरून ३५ अंशांपर्यंत चढवून उतरवतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी ४५ अंशांना भिडतात, तिथे उन्हात उभ्या गाडीचे हे गणित कसे टिकेल?

आता पंपावर या. टाकीत दहा लिटर पेट्रोल गेले की तेवढीच वाफाळलेली हवा बाहेर ढकलली जाते. रोखणारे काही नसेल तर लिटरमागे साधारण एक ग्रॅम किंवा थोडे जास्तच पेट्रोल उडते. या वाफेत बेंझिन असते, आणि बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो याबद्दल वैद्यकात वाद नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी गाडीवाला स्वतः पेट्रोल भरतो आणि पाच मिनिटांत निघून जातो. आपल्याकडे एक तरुण किंवा तरुणी पूर्ण पाळी त्या नोझलपाशी उभी असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर उडून जात नाही, खालीच, माणसांच्या आसपास रेंगाळते. या विषयाचा विचार करताना मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतात ती ही मुले.

त्यांच्यासाठी आपण आजपासून करू शकतो अशी एक गोष्ट आहे. नोझल खट्कन बंद झाले की थांबायचे. "राऊंड फिगर करा" म्हणून काठोकाठ भरून घेतले, की वाफेबरोबर कधी पेट्रोलही सांडते, आणि मोटारीत ते कॅनिस्टरमध्ये शिरून कोळसा कायमचा निकामी करू शकते.

बाकीचे काम शासनाचे. अमेरिकेत १९९८पासून टप्प्याटप्प्याने नव्या मोटारीतच पेट्रोल भरतानाची वाफ पकडणारी यंत्रणा आली. चीनने आपल्या सहाव्या टप्प्याच्या नियमांत ती सक्तीची केली. भारत स्टेज सहामध्ये ती नाही. पुढच्या टप्प्यात ती यावी, आणि तोपर्यंत शहरांतल्या मोठ्या पंपांवर वाफ परत ओढणारी नोझले केवळ बसवलेली नव्हे तर चालू स्थितीत असावीत. कॅलिफोर्नियात वाहनतपासणीत टाकीचे झाकण घट्ट बसते का, हेही दाब देऊन पाहतात. आपल्या पीयूसी केंद्रांवर निदान झाकणाची आणि त्याच्या रबराची एवढी तपासणी सुरू करायला काहीच अडचण नाही. ही मागणी तुम्ही परिवहन कार्यालयाकडे लेखी करा. व्याख्यान संपल्यावर मसुदा इथे टेबलावर ठेवतो आहे.