दिनांकाचे गणित आणि संगणक

गावच्या जन्मनोंदवहीत ‘१२-३-५८’ अशी नोंद असली, तर ती वाचणाऱ्या ग्रामसेवकास शतकाविषयी शंका येत नाही. वहीचे पान पिवळे पडलेले असते आणि ज्यांची ती नोंद, ते गृहस्थ काठी टेकीत समोर उभे असतात. संगणकास यांपैकी काहीच दिसत नाही. ‘पायथॉन’ या संगणकीय भाषेत दिनांक हाताळण्यासाठी ‘डेटटाइम’ नावाची लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञावलींचा संच, आहे. वर्षाचे दोनच अंक वाचावयास दिल्यास ती ६९ ते ९९ हे अंक विसाव्या शतकातील आणि ०० ते ६८ हे एकविसाव्या शतकातील धरते. साहजिकच १९५८ साली जन्मलेले हे वृद्ध २०५८ साली जन्मावयाचे ठरतात! वयाची अट लावताच त्यांचे नाव निवृत्तिवेतनाच्या यादीतून गळते, आणि संगणक मात्र कोणतीही चूक झाल्याचे दर्शवीत नाही. म्हणून वर्ष चार अंकी लिहून घेणे हाच खरा उपाय होय. ‘आयएसओ ८६०१’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ही नोंद १९५८-०३-१२ अशी होते. मग १२ मार्च की ३ डिसेंबर, हाही प्रश्न उरत नाही.

महिन्याचे प्रकरण याहून बिकट आहे. दिवस मिळविणे सोपे. १९०० हे लीप वर्ष नव्हते व २००० होते, हे लायब्ररी अचूक जाणते. परंतु ३१ जानेवारीत एक महिना मिळविला तर कोणता दिनांक यावा? ‘जावास्क्रिप्ट’मध्ये महिन्याचा आकडा नुसता एकाने वाढविल्यास उत्तर मार्चच्या २ किंवा ३ तारखेवर जाते. पायथॉनसाठीच असलेली ‘डेटयुटिल’ ही दुसरी लायब्ररी फेब्रुवारीअखेर थांबते. ‘डेटटाइम’च्या कालावधीत तर महिना हे मापच ठेवलेले नाही, आणि तेच अधिक प्रामाणिकपणाचे म्हटले पाहिजे.

यापुढचा निर्णय लायब्ररीचा नसून नियमाचा असतो. केंद्र शासनाच्या मूलभूत नियम ५६ अन्वये कर्मचारी साठ वर्षे पूर्ण होणाऱ्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असल्यास मात्र आधीच्या महिन्याच्या अखेरीस. १ जुलै १९६५ रोजी जन्मलेल्या कर्मचाऱ्याची निवृत्ती त्यामुळे ३० जून २०२५ रोजी येते. हा अपवाद आज्ञावलीत लिहावयाचा राहिला, तर संगणक ३१ जुलै हा दिनांक देतो आणि एका महिन्याचे वेतन अधिक निघते.