कपाट कोणाच्या मापाचे?



भिवंडीचे माग शेलारच्या अगदी शेजारी. अशा कापडाच्या मुलखात कापड विणण्याचा विचार पुष्कळ होतो. ते ठेवण्याचा मात्र होत नाही.

आपल्या आजीचा संसार पेटारा, फडताळ आणि वलणी यांवर चालला. पुढे १९२३ साली गोदरेज कंपनीने पोलादी कपाटे करण्यास आरंभ केला आणि कपाटाची किल्ली गृहिणीच्या कमरेला आली. ते कपाट मजबूत खरे, पण सर्वांना एकाच मापाचे. आज सुतार भिंतीच्या मापाने कपाट बांधून देतो. तेव्हा आपण पहिला प्रश्न विचारतो तो आरशाचा आणि चकाकीचा! वास्तविक पहिला प्रश्न कपड्यांचा हवा.

टांगलेल्या सदऱ्याच्या बाह्या दाराला घासू नयेत म्हणून आतली खोली दोन फूट ठेवावी. सदऱ्यांना दांडीखाली साडेतीन फूट उंची पुरते. लांब झग्याला पाच फूट लागते. जड जरीची पैठणी टांगू नये. स्वतःच्या भारानेच ती ताणते. ती सुती कापडात गुंडाळून फळीवर ठेवावी व अधूनमधून घडी बदलावी. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना ओळीने भोके पाडून खुंट्यांवर कप्पे बसवले, तर आज बाळाची दुपटी ठेवलेल्या जागी उद्या त्याच्या शाळेचे कपडे मावतात.

आपल्याकडील पावसाळा विसरून कसे चालेल? कपाट ओल्या भिंतीला चिकटवू नये. मागे दोन बोटे वारा खेळू द्यावा, तळ जमिनीपासून उचलावा आणि प्लायवूड पाण्याला टिकणाऱ्या डिंकाचेच घ्यावे. नाहीतर श्रावणात बुरशी आपल्याआधी रेशीम नेसते!

शेवटी एक सांगतो. भिंतभर कपाट असूनही घरातल्या सुनेच्या वस्तू पलंगाखालच्या ट्रंकेत राहत असतील, तर त्या कपाटाची शोभा काय कामाची? घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एक कप्पा आणि त्याची किल्ली त्याच्याच हाती, एवढे आधी ठरवा. लाकूड कोणते, रंग कोणता, हे मागाहून ठरवता येईल. ज्या घरात प्रत्येकाला आपली म्हणावी अशी हातभर जागा आहे, त्या घराचे कपाट साध्या लाकडाचे असले तरी मी त्याला ऐश्वर्याचे म्हणेन.