भोरड्यांना वाट कोण दाखवतं?



शाळूच्या कणसांत दाणा भरू लागला की माण-खटावच्या रानात भोरड्यांचे थवे उतरतात. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख आणि एकसारखा कलकलाट. राखणदाराच्या गोफणीला त्या भीक घालत नाहीत. या पट्टीतून उठल्या की पलीकडच्या पट्टीत बसतात. म्हसवडच्या शेतकऱ्याला भोरडीचा राग येतो तो वाजवीच आहे. पण हीच भोरडी उन्हाळ्यात मध्य आशियाच्या गवताळ मुलखात टोळ आणि नाकतोडे फस्त करते आणि तिथेच दगडांच्या सांदीत अंडी घालते. तिथून हजारो मैल उडून ती आपल्याकडे येते आणि चैत्राच्या आगेमागे परत जाते. हा रस्ता तिला कोणी सांगितला?

शाळेत मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि पुष्कळदा त्यांना उत्तर मिळतं, 'ती उपजत बुद्धी आहे.' गुरुजनांनी मला क्षमा करावी, पण नाव ठेवलं म्हणजे उत्तर दिलं असं होत नाही. उपजत बुद्धी मानली तरी ती आली कोठून? उत्क्रांतिवाद म्हणतो, नैसर्गिक निवडीतून. त्यावर शंका घेणारा म्हणतो, हे कसं शक्य आहे? समुद्र ओलांडणाऱ्या पाखराला अर्धी बुद्धी असून काय उपयोग? अर्ध्या वाटेत ते बुडून मरेल. म्हणजे दिशा, वेळ, अंतर, अंगात साठवायची चरबी हे सगळं एकदम आणि पुरतं हवं. थोडं थोडं करून ते जमणार नाही.

ही शंका पोरकट नाही. तिला सरळ उत्तर दिलं पाहिजे.

पहिल्याने, शिकवणीचा प्रश्न. आपले धनगर बांधव दिवाळीनंतर मेंढरं घेऊन मुलखाबाहेर पडतात, तेव्हा पोरगं बापाच्या मागून चालतं. ओढा कुठला, मुक्काम कुठला, हे ते डोळ्यांनी पाहून शिकतं. पाखरांचंही तसंच असेल काय? काहींचं आहे. पण चातकाकडे पाहा. मृगाच्या सुमारास आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून तो येतो आणि आपलं अंडं सातभाईंच्या घरट्यात टाकतो. पिल्लू सातभाईंच्या हातचं खाऊन मोठं होतं. सातभाई तर गावची वेस सोडून फारसे जात नाहीत. तरी पावसाळा सरला की ते पिल्लू न पाहिलेल्या मुलखाकडे निघतं. इथे शिकवणारा कोणी नाही. जे आहे ते रक्तातूनच आलं आहे.

मग ते रक्तात उतरतं कसं? यावर नुसता तर्क न लढवता जर्मनीत प्रयोग झाले. काळ्या टोपीचा एक चिमुकला वटवट्या तिकडे आहे. त्यातले पश्चिमेकडचे नैर्ऋत्येला जातात, पूर्वेकडचे आग्नेयेला. प्रवासाच्या दिवसांत पिंजऱ्यात ठेवलेला पक्षीसुद्धा रात्री त्याच दिशेला उड्या मारीत राहतो. १९९१ साली हेल्बिग यांनी दोन्हींचा संकर करून दाखवला, तेव्हा पिल्लं दोहोंच्या मधल्या दिशेला उड्या मारू लागली. गाईच्या रंगासारखी, बियाण्याच्या गुणासारखी दिशासुद्धा आईबापांकडून येते, हे त्यातून दिसलं. पीटर बर्टोल्ट यांनी याच पक्ष्यांत, काही जाणारे आणि काही न जाणारे अशा मिश्र जमातीतून, निवडून जोड्या लावल्या. अवघ्या सहा पिढ्यांच्या आत एक वाण पूर्ण प्रवासी झाला आणि दुसरा पूर्ण घरबश्या. चांगली कणसं बाजूला काढून बी धरणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटू नये.

पिंजऱ्यात माणसाने निवड केली. रानात ती कोण करणार, असं कोणी विचारील. रानातही ती आपल्या डोळ्यांदेखत झाली. १९६० नंतर यांतले काही वटवटे हिवाळ्याला दक्षिणेऐवजी ब्रिटनकडे जाऊ लागले. तिथे लोक परसात पाखरांना दाणे घालतात, म्हणून ते जगले आणि वाढले. १९९२ साली बर्टोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यांची पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लंही वायव्येकडेच तोंड करतात. नवी उपजत बुद्धी काही थोड्याच पिढ्यांत रुजली.

आता त्या अर्ध्या वाटेच्या शंकेकडे वळू. ही शंका धरून चालते की आजचा लांबचा रस्ता पहिल्या दिवसापासून तेवढाच लांब होता. डार्विनने १८५९ च्या ग्रंथात उपजत बुद्धीवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं; पण स्थलांतराचा उलगडा त्याच्या जोडीचा संशोधक वॉलेस याने १८७४ मध्ये अधिक सोप्या शब्दांत केला. वीण घालण्याची जागा आणि पोट भरण्याची जागा पूर्वी एकच होती. हवामान बदलत गेलं तशा त्या दोन जागा हळूहळू दूर सरल्या. वेळेवर निघाले ते वाचले, रेंगाळले ते मेले. रस्ता एकेका कोसाने वाढला. त्या प्रत्येक कोसाला तो पुरता रस्ताच होता, अर्धा नव्हता. आजही अशा पायऱ्या दिसतात. काही पक्षी नुसते डोंगरावरून पायथ्याला उतरतात. कच्छच्या रणात वीण घालणारे रोहित पाण्याच्या मागोमाग देशातल्या देशात फिरतात.

आणि ही बुद्धी म्हणजे डोक्यात कोरलेला नकाशाही नव्हे. १९५८ साली हॉलंडच्या पर्डेक यांनी एक मासलेवाईक प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या भोरडीच्याच कुळातले अकरा हजारांच्या आसपास पक्षी हेगजवळ पकडून त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडले. थोरले पक्षी, ज्यांनी पूर्वी प्रवास केला होता, ते वळसा घेऊन उत्तर फ्रान्सच्या आणि इंग्लंडच्या नेहमीच्या जागी गेले. पहिल्यांदाच निघालेली पिल्लं मात्र जुनीच दिशा धरून स्पेनकडे उतरली. रक्तातून मिळते ती दिशा आणि साधारण अंतर. मुक्काम अनुभवाने कळतो.

उजनीचं धरण १९८० च्या सुमारास पुरं झालं. त्याआधी तिथे शेतं होती. आज हिमालयापलीकडून येणारे पट्टकादंब तिथे थंडीत उतरतात. उजनी कोणाच्या रक्तात लिहिलेली असणं शक्यच नव्हतं. पट्टकादंबांची कुटुंबं बरोबर प्रवास करतात आणि पिल्लं थोरल्यांबरोबर उडून वाट शिकतात, अगदी धनगराच्या पोरासारखी. शरीर मात्र उसनं घेता येत नाही. या हंसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतही प्राणवायू घट्ट धरतं, आणि त्याची ७,२९० मीटरपर्यंतची उंची उपकरणांनी नोंदली गेली आहे. उत्क्रांतीने एकाला रस्ता दिला, दुसऱ्याला रस्ता शिकण्याची ताकद दिली. मला तर दुसरी देणगी अधिक मोलाची वाटते.

सगळं उलगडलं, असं मात्र मी म्हणणार नाही. पाखरांना पृथ्वीच्या चुंबकत्वाची जाणीव होते हे सिद्ध आहे. ती डोळ्यांतल्या एका प्रथिनामुळे होते असा आज भरवशाचा अंदाज आहे, पण त्यावर अजून वाद चालू आहेत. ते वाद यंत्र कसं चालतं याबद्दलचे आहेत. ते यंत्र पिढ्यान्‌पिढ्या घडत आलं, याला त्यांनी धक्का लागत नाही. ज्यांना यामागे ईश्वराची योजना दिसते त्यांच्याशी माझं भांडण नाही. ती योजना संकर केल्यावर मधली दिशा दाखवते आणि सहा पिढ्यांत बदलते, एवढं त्यांनीही मनात धरावं.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. शाळेच्या वहीत एक पान राखून ठेवा. पहिली भोरडी कोणत्या तारखेला दिसली, पहिला चातक केव्हा ओरडला, तळ्यावर हंस केव्हा उतरले आणि केव्हा गेले, हे मुलांकडून लिहवून घ्या. वर्ष, तारीख, रान कुठलं, एवढं पुरे. ऊस आणि डाळिंब वाढून शाळूचं रान आकसलं, तर भोरडी आपली तारीख बदलते की आपला मुलूख, हे दहा-पंधरा वर्षांनी त्याच वहीत पाहता येईल.