थकलेल्या बॅटरीतील खनिज



आपल्या शेजारी, रामटेक तालुक्यातील मनसरला मँगनीजची खोदाई सुरू होऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली. पोलादासाठी लागणारे हे खनिज आता विजेवर धावणाऱ्या वाहनांच्या काही बॅटऱ्यांतही असते. सोबतीला लिथियम, निकेल आणि कोबाल्ट. या तिन्हींसाठी देश जवळजवळ सर्वस्वी आयातीवर अवलंबून आहे. तेव्हा थकलेली बॅटरी ही एक लहानशी खाणच होय. तिच्यासाठी पेंचचे जंगल तोडावे लागत नाही.

मात्र ही खाण हातोड्याने खोदावयाची नव्हे. भंगारात पेटी फोडली, की आत उरलेल्या विजेने भडका उडतो व विषारी वायू पसरतो. पुनर्प्रक्रियेच्या कारखान्यात प्रथम ती वीज काढून घेतात, भाग सुटे करतात, घट दळून काळी भुकटी करतात. ती आम्लात विरघळवून एकेक धातू निराळा केला जातो. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत निकेल, कोबाल्ट नसतात. तिला भाव कमी. म्हणून तीच उकिरड्यावर जाण्याची भीती अधिक.

2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी गोळा करून पुनर्प्रक्रियेस पाठविण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे; ती पुरण्यास व जाळण्यास मनाई आहे. 2026-27 पासून वाहनांच्या अशा बॅटऱ्यांतील किमान 90 टक्के द्रव्ये परत मिळवावयाची आहेत. ग्राहकाने ती इतर कचऱ्यात न मिसळता संकलन करणाऱ्याकडेच सोपवावी. ग्रामपंचायतीने अशा वाहनांची एक साधी नोंदवही ठेवली, तर कोणती बॅटरी कोठे गेली, हे विचारता येईल.